फ्युएल प्रेशर कसं मोजायचं, दोष कसा शोधायचा आणि रेग्युलेटर कधी फिरवायचा

माझी गाडी चढावर ओढेनाशी झाली तेव्हा मी आधी फ्युएल पंप बदलला. काही फरक पडला नाही. मग फिल्टर बदलला, मग इंजेक्टर उतरवून साफ करून घेतले, आणि शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून ॲडजस्टेबल रेग्युलेटर बसवून दाब भरपूर वाढवला. त्यानंतर गाडी उभ्या उभ्या काळा धूर सोडायला लागली आणि चढावर मात्र होती तशीच राहिली. दोष निघाला पंपाच्या अर्थ वायरच्या टोकावर चढलेल्या हिरव्या गंजात. पेट्रोलची मागणी वाढली की पंपाला पुरेसे व्होल्ट पोचत नव्हते. सुरुवातीलाच गेज आणि मल्टिमीटर घेऊन बसलो असतो, तर तासाभरात उलगडा झाला असता.

तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून ज्या क्रमाने मी आता हे काम करतो, तोच क्रम इथे देतोय. दाब सेट करायचा भाग बराच खाली आहे आणि तो मुद्दामच तिथे ठेवलाय.

१. आधी सिस्टिम ओळखा

"फ्युएल प्रेशर किती असावं?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. ढोबळ आकडे असे:

- कार्बोरेटर: साधारण ३ ते ६ पीएसआय. याहून जास्त झालं की फ्लोटची निडल पेट्रोल अडवू शकत नाही आणि कार्बोरेटर फ्लड होतो.
- थ्रॉटल बॉडी इंजेक्शन, म्हणजे थ्रॉटलच्या डोक्यावर एक-दोन इंजेक्टर: बहुतेकांत १० ते १५ पीएसआय.
- मल्टिपॉइंट इंजेक्शन (एमपीएफआय), म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर: साधारण ३५ ते ६५ पीएसआय. यात ३ बार म्हणजे ४३.५ पीएसआय आणि ४ बार म्हणजे ५८ पीएसआय हे दोन आकडे सारखे भेटतात.
- डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल: टाकीपासून हाय-प्रेशर पंपापर्यंत काही बार, आणि पंपापुढे रेलमध्ये (इंजेक्टरना इंधन वाटणाऱ्या नळीत) १०० ते २०० बार किंवा त्याहूनही जास्त.
- कॉमन रेल डिझेल: काहीशे बारपासून २००० बारपर्यंत, काहींत त्याही पुढे.

शेवटच्या दोन प्रकारांत हाय-प्रेशरच्या बाजूला हात घालू नका. तिथला दाब फक्त स्कॅनरवर वाचायचा. चालू इंजिनात अशा पाइपचा नट सैल केला तर निघणारी बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण आत गेलेलं इंधन हात गमवायची वेळ आणू शकतं. असं झालंच तर दुखायची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. पुढचा सगळा मजकूर मुख्यतः एमपीएफआयसाठी आहे. कार्बोरेटरबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

आता परतीची लाइन आहे का ते बघा. रेलच्या टोकाला डबीसारखा रेग्युलेटर, त्याला व्हॅक्यूमची बारीक नळी आणि टाकीकडे परत जाणारा पाइप दिसला, तर ती रिटर्नवाली सिस्टिम. रेलला एकच पाइप येत असेल तर रिटर्नलेस. तिथे रेग्युलेटर टाकीत पंपासोबतच असतो, किंवा ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) पंपाचा वेग कमी-जास्त करून दाब सांभाळतो. रिटर्नलेसमध्ये फिरवायचा स्क्रू शोधत बसू नका, तो नसतो.

तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. वर दिलेले आकडे अंदाज यावा म्हणून आहेत.

२. रेग्युलेटर नेमकं काय सांभाळतो

हे समजलं की निम्मे घोळ मिटतात. इंजेक्टरच्या एका बाजूला रेलमधला दाब असतो आणि दुसऱ्या बाजूला इनटेक मॅनिफोल्ड. पेट्रोल किती पडणार हे या दोन्हींमधल्या फरकावर ठरतं. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, म्हणजे तो पेट्रोल खेचत असतो. म्हणून रिटर्नवाल्या सिस्टिममध्ये रेग्युलेटर रेलचा दाब तेवढाच खाली आणतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की व्हॅक्यूम जातो आणि दाब पुन्हा वर चढतो. फरक मात्र कायम तोच राहतो.

त्यामुळे ३ बारच्या रिटर्नवाल्या सिस्टिमवर आयडलिंगला गेज २.४ ते २.५ बार दाखवत असेल तर ते बरोबर आहे. नवीन माणूस इथेच "दाब कमी आहे" म्हणून स्क्रू आवळतो.

३. सामान

- ० ते १०० पीएसआयचा फ्युएल प्रेशर गेज. कार्बोरेटरसाठी ० ते १५चा वेगळा घ्या. १०० च्या गेजवर ४ आणि ६ मधला फरक डोळ्यांना नीट कळत नाही.
- तुमच्या गाडीचे ॲडॅप्टर. रेलवर टायरच्या व्हॉल्व्हसारखा टेस्ट पोर्ट असेल तर काम सोपं. नसेल तर लाइनच्या मध्ये टी जोडावा लागतो.
- मल्टिमीटर, जमल्यास क्लॅम्प ॲमीटरसह
- छोटा व्हॅक्यूम हँडपंप
- स्कॅनर, ज्यावर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कापतोय तो आकडा) दिसतं
- नायट्राइल ग्लोव्ह्ज, चष्मा, सुती फडकी, झाकणाचा धातूचा डबा
- नवीन ओ-रिंग आणि वॉशर, जितके जोड उघडणार तितके
- ड्राय पावडर किंवा फोमचं फायर एक्स्टिंग्विशर, हाताच्या अंतरावर

होज बदलायची वेळ आली तर इंजेक्शनसाठी एसएई जे३०आर९ छापलेलीच घ्या. जे३०आर७ ही कार्बोरेटरच्या कमी दाबाची. दिसायला दोन्ही सारख्याच काळ्या, म्हणून हा घोळ फार होतो. क्लिपही गुळगुळीत कडेच्या, इंजेक्शनसाठीच्या घ्या. दातेरी पट्टीची साधी क्लिप आवळताना रबर कापते.

४. दाब उतरवा

इंजिन थंड हवं. जागा मोकळ्या हवेची हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत आणि पिटमध्ये साचते, म्हणून पिटवर गाडी उभी करून हे काम करू नका. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, तेव्हा "आज थंडी आहे" हा दिलासा खोटा. काचेच्या बल्बचा हँडलॅम्प नको, एलईडी टॉर्च वापरा.

मग:

(क) टाकीचं झाकण उघडून पुन्हा लावा.
(ख) फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा.
(ग) इंजिन सुरू करा. काही सेकंद चालून ते आपोआप बंद पडेल. नंतर तीन-चार सेकंद नुसता सेल्फ मारा.
(घ) बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा.
(ङ) जोडाभोवती फडकं गुंडाळून तो सावकाश सैल करा. थोडं पेट्रोल येणारच.

भिजलेलं फडकं डब्यात टाकून झाकण लावा.

५. गेज जोडा

टेस्ट पोर्ट असेल तर ॲडॅप्टर हाताने घट्ट करा. गेजची नळी पंख्यापासून, बेल्टपासून आणि एक्झॉस्टपासून लांब बांधून ठेवा. बॅटरी, फ्यूज पुन्हा जोडा. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. पंप दोन-तीन सेकंद चालून थांबेल. आता टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा आणि कोरड्या फडक्याने पुसून बघा. एकही थेंब दिसला तर पुढे जायचं नाही. हा मिनिटभराचा थांबा मी कधीच चुकवत नाही.

जाता जाता: पोर्टमधली पिन खराब झाली म्हणून टायरची पिन टाकू नका. तिचं रबर पेट्रोलसाठी बनवलेलं नसतं.

६. पाच रीडिंग घ्या आणि लिहून ठेवा

कागदावर लिहा. डोक्यात ठेवलेला आकडा अर्ध्या तासात आपल्याला हवा तसा बदलतो.

पहिलं, चावी ऑन केल्यावर. काटा झटकन चढून मॅन्युअलच्या आकड्याजवळ जायला हवा. काही गाड्यांत दोन-तीनदा चावी ऑन-ऑफ केल्यावर पूर्ण चढतो.

दुसरं, आयडलिंगला, रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी जागेवर असताना.

तिसरं, आयडलिंगलाच, ती नळी काढून आणि तिचं टोक बंद करून. दाब ७ ते १० पीएसआयने वाढला पाहिजे. वाढला नाही तर आधी नळीत खरंच व्हॅक्यूम येतोय का ते बघा. कुजलेली किंवा तुंबलेली नळी निघाली तर रेग्युलेटर वाचला. नळी ठीक असेल तर हँडपंपाने रेग्युलेटरला व्हॅक्यूम द्या. २० इंच पारा व्हॅक्यूमला सुमारे १० पीएसआय उतरायला हवेत. नळी काढताना तिच्या आत ओलसर पेट्रोल दिसलं किंवा वास आला, तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. तो बदलायचाच, आणि इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येतोय का तेही बघायचं. येत असेल तर ऑइलही बदला.

चौथं, लोडवर. दोष बहुतेक वेळा इथेच पकडला जातो, आणि बहुतेक लोक हेच रीडिंग टाळतात. आयडलिंगला इंजिन अगदी थोडं पेट्रोल खातं. मरायला टेकलेला पंपही तेवढं पुरवतो आणि गेज छान दिसतो. लांब नळीचा गेज बॉनेटबाहेर, काचेवर बांधून दुसऱ्या माणसाला गाडी चालवायला द्या आणि तुम्ही काटा बघा. गेज कधीही केबिनमध्ये घेऊ नका, त्यात पेट्रोल भरलेलं असतं. रेल प्रेशर सेन्सर असेल तर स्कॅनरवरच बघा, ते सगळ्यात बरं. वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर दाब तिसऱ्या रीडिंगइतका टिकायला हवा. टर्बो असेल तर बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) जितका, तितकी त्यात भर. म्हणजे ३ बारच्या सिस्टिमवर ०.७ बार बूस्ट असताना ३.७ बार.

पाचवं, इंजिन बंद केल्यावर. दाब लगेच शून्यावर पडू नये. किती वेळात किती उतरलेला चालतो हे मॅन्युअल सांगतं.

७. रीडिंगचा अर्थ लावा

*दाब सगळीकडेच कमी.* गाडी उशिरा सुरू होते, पिकअप मेलेला, कधी स्कॅनरवर पी०१७१ (मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी) किंवा पी००८७ (रेलचा दाब कमी) कोड. रिटर्नवाल्या सिस्टिममध्ये परतीची रबरी होज चिमट्याने क्षणभर दाबा आणि गेजवर नजर ठेवा. दाब उसळून वर गेला तर पंपात जीव आहे, रेग्युलेटर पेट्रोल फुकट सोडतोय. हललाही नाही तर दोष पंप, फिल्टर किंवा विजेचा. क्षणभर म्हणजे खरंच क्षणभर, कारण दाब बघता बघता दुप्पट होऊ शकतो. नायलॉनचे किंवा धातूचे पाइप अजिबात चिमटू नका, ते तडकतात.

*आयडलिंगला ठीक, लोडवर पडतो.* माझा दोष हाच होता. इथे पंप बदलायच्या आधी तीन गोष्टी बघा.

पहिली वीज. पंप चालू असताना पंपाच्याच कनेक्टरवर व्होल्ट मोजा आणि बॅटरीवरच्या आकड्याशी ताडून बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त तफावत असेल तर वायर, रिले किंवा अर्थ दोषी. अर्थचा वेगळा तपास करा: मीटरची एक टोचणी पंपाच्या अर्थ पिनवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.१ ते ०.२ व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. कनेक्टर सुटा करून मोजलेले व्होल्ट विसरा. करंट वाहत नसेल तर गंजलेली वायरही पूर्ण व्होल्ट दाखवते, आणि मी नेमका त्यालाच फसलो होतो.

दुसरी फिल्टर. त्यावरचा बाण इंजिनाकडे आहे ना? उलटा बसवलेला फिल्टर मी स्वतः पाहिलाय. टाकीतली पंपाची जाळीही तुंबते, पण ती पंप बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही.

तिसरी टाकीचा श्वास. झाकणाचा किंवा वाफेच्या लाइनचा व्हेंट बंद असेल तर टाकीत व्हॅक्यूम तयार होतो. गाडी वीस-तीस मिनिटं नीट चालते, मग धक्के खाते आणि थोडा वेळ उभी केली की पुन्हा ठीक. असं झालं की लगेच झाकण उघडा. हवा जोरात आत खेचल्याचा आवाज आला तर चोर सापडला.

करंटही बोलतो. एमपीएफआयचा पंप साधारण ४ ते ८ ॲम्पिअर घेतो. दाब कमी आणि ॲम्पिअर नेहमीपेक्षा जास्त असेल तर पंप जड फिरतोय किंवा पुढे काहीतरी तुंबलंय. दाब कमी आणि ॲम्पिअरही कमी असेल तर पंप आतून झिजलाय, जाळी कोरडी पडलीय किंवा वीज अपुरी आहे.

*दाब जास्त.* काळा धूर, पेट्रोलचा वास, काळे प्लग, पी०१७२ कोड (मिश्रणात पेट्रोल जास्त). परतीची लाइन चेपलीय का, रेग्युलेटर अडकलाय का आणि व्हॅक्यूम नळी निघालीय का, एवढंच बघायचं असतं.

*बंद केल्यावर दाब ढासळतो.* सकाळी किंवा गरम इंजिन पंधरा मिनिटं उभं केल्यावर सेल्फ खूप मारावा लागतो. घरच्या घरी एक चाचणी: चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारा. गाडी पटकन सुरू झाली तर संशय पक्का. आता इंजिन बंद करून येणारी होज चिमटा. दाब टिकला तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा) गळतोय. टिकला नाही तर परतीची चिमटा. आता टिकला तर रेग्युलेटर. दोन्ही चिमटूनही उतरत असेल तर इंजेक्टर ठिबकतोय, आणि कोणता ते त्या सिलिंडरचा काळा, ओला प्लग सांगतो.

काटा नुसताच थरथरत असेल तर बहुतेक रेलवरचा पल्सेशन डँपर (दाबाचे धक्के शोषणारी डबी) गेलाय किंवा गेजच्या नळीत हवा आहे. आधी हवा काढा.

८. ट्रिमशी पडताळून बघा

स्कॅनरवर शॉर्ट आणि लाँग टर्म ट्रिमची बेरीज बघा. उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असेल तर चिंता नको. आयडलिंगला अधिक २० आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य, असं असेल तर कुठूनतरी हवा आत शिरतेय, पेट्रोलचा दाब निर्दोष आहे. उलट, आरपीएम आणि लोड वाढेल तसा ट्रिम वर चढत असेल तर पुरवठा अपुरा पडतोय. गेज न जोडता मिळणारा हा सगळ्यात स्वस्त पुरावा. एअर फ्लो सेन्सर मळला तरी ट्रिम असाच लोडवर चढतो, म्हणून निकाल गेजच देणार.

९. आता रेग्युलेटर सेट करा

हे काम फक्त ॲडजस्टेबल रेग्युलेटर असेल तरच, आणि वरचे दोष दूर झाल्यावरच.

कंपनीच्या इंजिनावर दाब वाढवून ताकद मिळते हा समज सोडून द्या. इंजेक्टरमधून पडणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं: ३ बारचे ४ बार केले तर जेमतेम १५ टक्के. तेही आयडलिंगला आणि संथ चालताना ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू कापून टाकतो. वर दाब वाढला की पंपाची पुरवठ्याची क्षमता घटते, म्हणजे जिथे पेट्रोल लागतं तिथेच ते कमी पडायचा धोका.

तरीही सेट करायची वेळ येते, नवीन रेग्युलेटर बसवल्यावर किंवा ट्यूनिंग करणाऱ्याने आकडा दिल्यावर. तेव्हा:

(क) इंजिन पूर्ण गरम होऊन आयडलिंगला असू द्या.
(ख) रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढा, तिचं टोक बंद करा. बेस प्रेशर नेहमी असाच सेट करतात. नळी लावून ३ बार सेट केले तर लोडवर ३.५च्या वर जातील.
(ग) लॉक नट सैल करा. स्क्रू एलन कीने एका वेळी पाव फेराच फिरवा. बहुतेकांत आत गेला की दाब वाढतो. काटा स्थिर व्हायला काही सेकंद द्या.
(घ) हवा तो दाब खालून वर येत गाठा. पुढे गेलात तर बराच खाली उतरवून पुन्हा वर या, म्हणजे स्प्रिंग नीट बसते.
(ङ) एलन की धरून ठेवून लॉक नट आवळा आणि पुन्हा वाचा. आवळताना आकडा जवळजवळ नेहमीच हलतो.
(च) नळी परत लावा. दाब उतरला पाहिजे.

स्क्रू फिरवूनही दाब ठरावीक आकड्याखाली येत नसेल तर परतीची लाइन बारीक पडतेय. मोठा पंप बसवलेल्या गाड्यांत हे हमखास होतं, आणि रेग्युलेटर बदलून ते सुटत नाही.

टर्बो किंवा बदललेल्या इंजिनात यानंतर वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून हवा-पेट्रोलचं मिश्रण बघितल्याशिवाय थ्रॉटल पूर्ण दाबू नका. पातळ मिश्रणावर पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही.

१०. कार्बोरेटर असेल तर

इथे रेग्युलेटर पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये बसतो आणि गेज त्याच्या पुढे. फ्लड होतोय म्हणून लगेच दाब कमी करू नका. फ्लोटची लेव्हल, निडलखाली अडकलेला कचरा आणि फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय का, हे आधी बघा. फ्लोट कानाजवळ हलवला की आतलं पेट्रोल ऐकू येतं.

११. आवरताना

गेज काढायच्या आधी चौथा टप्पा (दाब उतरवणं) पुन्हा पूर्ण करा. घाईत हेच विसरतं आणि पेट्रोलची चिळकांडी गरम एक्झॉस्टवर जाते. उघडलेल्या प्रत्येक जोडात नवीन ओ-रिंग, तिला थोडं इंजिन ऑइल. क्विक कनेक्टर क्लिक झाला तरी एकदा मागे ओढून बघा. पोर्टची टोपी लावा, ती दुसरी सील असते. कोड पुसा, चावी ऑन करून पुन्हा गळती तपासा, एक फेरी मारून या आणि इंजिन गरम असतानाच टॉर्च घेऊन आणखी एकदा बघा. पाच रीडिंगचा कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवून द्या. पुढच्या वेळी गाडी अडली की ताडून बघायला तुमच्याच गाडीचे आकडे हाताशी असतील.